आळशी गाठ

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार (बरगडी धरलेली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच घातला असं समज) वि. वि.

तुझे फोन मी उचलत नाही म्हणून तू चिडली आहेस असं तुझी भावजय सांगते. चीड. फोन मी उचलणार नाही. माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक विजेच्या मोटारीला आणि मूठ कानाला लावली की आत कुठलं बेअरिंग घासतंय ते मला कळतं. आजवर त्यावरच पोट भरलं. त्याच कानांनी गेल्या आठवड्यात तुझं 'कसा आहेस रे' ऐकलं. जन्मात तू मला असं विचारलेलं नाहीस. तू विचारतेस ते 'जिवंत आहेस ना, मग कळवायला काय झालं' असं. हा नवा आवाज चहात पडून मऊ झालेल्या बिस्किटासारखा होता. मला कसंतरीच झालं. कागदाला आवाज नसतो, म्हणून आता पत्रच.

बातमी एकदाच आणि नीट सांगतो. दुकानात स्टुलावरून पडलो, बरगडीला चीर गेली, म्हणून छातीचा फोटो काढला. त्यात उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ दिसली. मग स्कॅन, मग सुई टोचून तुकडा. कॅन्सर आहे. पण छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा हळू वाढणाऱ्यांतला आहे. वर्षानुवर्षं जागचा हलत नाही असाही असतो. माझं डावं फुप्फुस लहानपणच्या त्या दुखण्यात अर्धं गेलेलं. तेव्हा घाईनं कापाकापी करण्यापेक्षा सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून बघू, असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, म्हणजे आळशी आहे म्हणा की. त्या हसल्या. उभ्या आयुष्यात आळशी कामगार मला पहिल्यांदाच आवडला.

हे झालं दुखणं. ते दुखत नाही. दुखतात ती माणसं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी कसल्याशा पाल्याचा हिरवा रस घेऊन येतात. त्यावर फेस असतो आणि फेसात पोस्टमास्तरांचं बोट बुडालेलं असतं. मी पिऊन संपवेपर्यंत ते समोर बसून माझ्या गळ्याकडे बघतात. न्हावी तीस वर्षं मला शिव्या देत दाढी करायचा, तो आता गप्प असतो आणि वस्तरा असा फिरवतो की जणू मी ओला कागद आहे. आणि ज्याला कळतं तो पहिला प्रश्न विचारतो, किती ओढायचात? अरे, मी आयुष्यात विडी शिलगावली नाही. वार्निशच्या वासात दिवस गेले एवढंच. तसं सांगितलं की त्यांची तोंडं उतरतात. मी ओढत असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

बाकी ठीक. काम भरपूर आहे. तुझ्या शिवणवर्गातल्या पोरींना माझ्या नावानं दम दे.

तुझा, अजून पुरता शाबूत,
धाकटा

---

१७ फेब्रुवारी

चि. कुरकुऱ्यास,
आशीर्वाद अनेक, अक्कल देवानं थोडी तरी द्यावी.

पत्र मिळालं. माझा आवाज बिस्किटासारखा असेल तर असो, आता मी बिस्किटच पाठवते आहे असं समजून वाच.

तू म्हणतोस आळशी आहे, बसून बघू. मी चाळीस वर्षं कापड बेतते आहे. ठाणाच्या एका टोकाला कसर लागलेली दिसली की मी तेवढा तुकडा आधी कापते, आणि मग बाकीचं ठाण वाचतं. तू ठाण कपाटात ठेवून दर सहा महिन्यांनी दार उघडून बघणार, कसर किती झाली. ही काय पद्धत झाली? लहानपणी हलता दात तू असाच महिनोन्‌महिने जिभेनं ढोसत बसायचास. शेवटी मी दोरा बांधून ओढला होता. आठवतं का? तेव्हाही तू मलाच शिव्या दिल्या होत्यास.

माझ्या शेजारणीचा भाचा मोठा सर्जन आहे. तिनं त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, लगेच या, उघडून टाकू. कागदपत्रंसुद्धा मागितली नाहीत, इतका आत्मविश्वास. तू हो म्हण, मी त्याची वेळ घेते.

आणि एक. चार पानी पत्रात पोस्टमास्तरांचं बोटसुद्धा आलं, पण आपल्या पोरानं हे कसं घेतलं त्याबद्दल अवाक्षर नाही. तो रोज तुझ्याशेजारी बसून मोटारी उघडतो ना? तो काय म्हणतो?

उलट टपाली लिहावं. नाही लिहिलंस तर येऊन उभी राहीन, आणि मग बघ.

तुझी ताई

---

४ मे

ती. ताईस,
नमस्कार. या वेळी बसून घातला आहे. बरगडी बरी आहे, माणूस बिघडला आहे.

तुझ्या सर्जनाचं राहू दे. कागद न बघता उघडायला निघालेल्या कारागिराला मी माझ्या दुकानात केर काढायलाही ठेवणार नाही.

पत्राला उशीर झाला कारण लिहायला बसलं की घाणच बाहेर पडते. तरी ऐक. घरात मी शिरलो की मिक्सर बंद होतो. परवा पाणी पिताना ठसका लागला तर तुझी भावजय, सून आणि खालची भाडेकरीण अशा तिघी धावल्या, आणि तिघींनी माझ्या रुमालाकडे पाहिलं. रुमालाकडे! रक्त शोधत होत्या. मी रुमाल उलगडून तिघींना दाखवला, दुकानदार कापड दाखवतो तसा. सुनेनं मला वेगळा कप काढला आहे, फुलाफुलांचा. त्या फुलांची मला इतकी किळस आली आहे की मी दुकानात जाऊनच चहा पितो.

आता दुकानातही तोच चिकटपणा शिरला होता. गिऱ्हाइकं येतात, मोटार टेबलावर ठेवतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. ओलसर हात. एकानं तर माझ्या छातीकडे बघत बघत स्वतःची छाती चोळली. मला कळेना, या लोकांना सांगितलं कोणी. कळलं.

दुकानाची रीत तुझ्यासमोरच पडली. जो मोटार उघडेल त्यानं गिऱ्हाइकाला दोष आधी सांगायचा, दर मागाहून. आणि सांगताना तोंड वेडंवाकडं करायचं नाही. आपण नवी तार गुंडाळून रिवाइंडिंग केलेल्या मोटारीला दोन वर्षांची गॅरंटी, तीही माझ्या हातची. म्हणजे जळली तर मी स्वतः उघडून फुकट गुंडाळून देणार. लोक दूरदूरहून येतात ते या एका शब्दासाठी.

गेल्या मंगळवारी मी पत्र्याच्या पार्टिशनमागे कॉइलींना वार्निश करत होतो. बाहेर लाँड्रीवाल्या बाई आल्या होत्या, मोठ्या मशीनची मोटार घेऊन. चिरंजीव त्यांना दोष सांगत होते, अगदी पद्धतशीर. बेअरिंग गेलं, दोन कॉइली जळल्या. मी मनात म्हटलं, पोरगं तयार झालं. मग बाईंनी गॅरंटीचं विचारलं. आणि तो त्याच सुरात म्हणाला, “गॅरंटी बाबांच्या हातची देता येणार नाही, माझ्या हातची देतो. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. हळू वाढणारा आहे, पण आहे.”

बाईंनी अरेरे म्हटलं. ते अरेरे पत्र्यातून झिरपून माझ्या हातावर आलं, वार्निशसारखं चिकट.

विचारलं तर म्हणतो, फेब्रुवारीपासून प्रत्येकाला सांगतोय. दोष माहीत असून दोन वर्षांचा शब्द कसा द्यायचा, असं त्याचं म्हणणं. मी उभा आहे, माझे हात चालू आहेत, आणि हा माझी गॅरंटी काढून घेतो! जुन्या मोटारीवर खडूनं फुली मारतात तशी फुली मारली माझ्यावर, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. मी म्हटलं, किल्ल्या ठेव आणि चालता हो. त्यानं ठेवल्या आणि गेला. वादसुद्धा घातला नाही. त्याचीही मला शिसारी आली.

घरात एका छताखाली आहोत, पण बोलणं बंद. दुकानात आता एकटाच काम करतो. शांत वाटतं. ऑपरेशनचा विषय पुन्हा काढू नकोस. आहे त्या लोभात काटछाट नको, एवढंच.

तुझा,
गॅरंटी संपलेला भाऊ

---

११ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायची मला सवय नाही, त्यामुळे चुका झाल्या तर सांभाळून घे. बाबांनी तुला कळवलं असेलच. त्यांनी लिहिलं असेल ते खरंच असणार, ते उगीच वाढवून सांगत नाहीत. (वाढवून सांगतात, पण मूळ खरं असतं.)

मी गिऱ्हाइकांना सांगितलं ते चूक की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. पण बाबांना आधी न विचारता सांगितलं ते चूक. खरं म्हणजे मी जानेवारीपासून त्यांच्याशी बोलायला बघत होतो. त्यांच्यासमोर बसलं की ते काहीतरी गंमत करतात, मी हसतो आणि संपतं. गिऱ्हाइकासमोर मात्र तोंडातून सरळ निघालं. तिथे कसं बोलायचं ते बाबांनीच शिकवलंय, घरात कसं बोलायचं ते कोणी शिकवलं नाही.

डॉक्टरांकडेही असंच झालं होतं. मी बरोबर होतो. डॉक्टरबाई काहीतरी समजावून सांगत होत्या, त्याला फायदे-तोटे होते. बाबा मध्येच आळशी कामगाराची गंमत करून मोकळे झाले. त्या हसल्या, आम्ही सगळे हसलो आणि उठलो. बाबांनी एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

आत्या, पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात मला नोकरी मिळाली आहे. एक ऑगस्टला हजर व्हायचं आहे. बाबांना सांगू नकोस. मी रोज समोरच्या फुटपाथवरून जातो. ते एकटे मोठ्या मोटारी उचलतात. बरगडीला आता कुठे बरं वाटतंय आणि उचलतात. नवा ठेवलेला माणूस आहे तो तार कापताना बोलत बसतो. ते सगळं मला रस्त्यापलीकडून ऐकू येतं आणि जीव वरखाली होतो.

पुढचा स्कॅन जुलैच्या शेवटी आहे. तारीख आईला विचारून तुला कळवीन. तू त्यांना समजाव. आईचा नमस्कार.

तुझा भाचा

---

१८ मे

चि. कुरकुऱ्यास,
आशीर्वाद या वेळी हातचे राखून.

आधी माझ्या नाकाचं सांगते, कारण ते कापलं गेलं आहे. शेजारणीचा भाचा गुडघ्याचा सर्जन निघाला. तुझं नाव त्यानं गुडघ्यासाठीच धरलं होतं. शेजारीण म्हणते, छातीचंही तो करेल, हुशार आहे. मी तिच्याशी बोलणं सोडलं आहे. तेव्हा कापायचं की नाही यावर माझं मत मी मागे घेते. मला त्यातलं काही कळत नाही, हे मला कळलं.

आता तुझं. पोराचं पत्र आलं. त्यानं मला एक गोष्ट तुला सांगू नकोस म्हणून सांगितली आहे, ती अशी: त्याला पंपाच्या कारखान्यात नोकरी लागली आहे आणि एक ऑगस्टला तो हजर होणार आहे. झालं सांगून. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणजे सांगावी म्हणूनच लिहिली असणार.

तुझं गेलं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मला तुझाच वीट आला. पोस्टमास्तर ओले, न्हावी ओला, गिऱ्हाइकांचे हात ओले, माझा आवाज ओला. सगळ्यांची तुला किळस. बरं बाबा. एकटा तुझा पोरगा कोरडा बोलला, मोटारीचं सांगतो तसं तुझं सांगितलं. त्याला तू हाकललंस. मग तुला पाहिजे तरी काय, ते एकदा शुद्ध भाषेत लिहून कळव.

आणि डॉक्टरबाईंना तू काय विचारलंस रे? एक प्रश्न सांग. गिऱ्हाईक मोटार टाकून दोष न विचारता हसत निघून गेलं तर तू त्याला काय म्हणतोस? मी तुझ्या दुकानात बसून ऐकलेलं आहे, ते मी इथे लिहू शकत नाही.

जुलैत पोराला बरोबर ने. विनंती नाही, सांगते आहे.

मोटारी उचलू नकोस.

तुझी ताई

---

१ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. तुझ्या मेमधल्या पत्राचं उत्तर आता देतो.

सांगितलंस तरी पोराला बरोबर नेलं नाही. एकटाच गेलो. रिपोर्टच्या दिवशी वेटिंग रूममध्ये जाऊन बसतो तर समोरच्या बाकावर चिरंजीव. तारीख त्याला कोणी पुरवली ते मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. तिथे माशांची एक काचपेटी आहे. पाणी हिरवं, काचेला शेवाळ, आणि एकच मासा, तोही एका अंगावर कललेला. औषधाचा आणि फिनेलचा वास. मासिकांची पानं एकमेकांना चिकटलेली. कोणाच्या बोटांनी चिकटली असतील याचा विचार करत आम्ही दोघे त्या माशाकडे बघत बसलो. नाव पुकारल्यावर मात्र तो माझ्यामागून आत आला, आणि डॉक्टरबाईंसमोर मला त्याला बाहेर काढता येईना.

गाठ वाढली आहे. फार नाही, केसभर. पण डॉक्टरबाईंनी ते सांगताना आवाज खाली घेतला, ताई. मला तो लगेच ऐकू आला. मी तोंड उघडलं, आळशाला पगारवाढ हवी असेल असं काहीतरी म्हणणार होतो.

चिरंजीव म्हणाले, “गंमत नंतर, बाबा. डॉक्टर, कापलं तर काय जाईल आणि नाही कापलं तर काय जाईल, तेवढं सरळ सांगा.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा आवाज एकदम जागेवर आला. कापलं तर चांगल्या फुप्फुसाचा वरचा भाग जाईल. डावं अर्धं आहेच. मग जिना चढणं जड, मोटार उचलणं संपलं, आणि एखादा हिवाळा असा येईल की घरात ऑक्सिजनची नळकांडी ठेवावी लागेल. नाही कापलं तर अशीच केसाकेसानं वाढत माझं म्हातारपण निघून जाईल, हे शक्य आहे. पण दोन स्कॅनच्या मध्ये ती जागी झाली आणि पसरली, तर मग कापूनही उपयोग नाही. तेही शक्य आहे, कमी शक्य आहे, पण शक्य आहे. तिसरा रस्ता किरणांचा. ठरावीक मापापर्यंत वाढली तर किरणं द्यायची, त्यातही उरलेल्या फुप्फुसाला थोडी झळ लागेल. हे सगळं त्यांनी जानेवारीतही सांगायला घेतलं होतं म्हणे. मला आठवेना.

तुला म्हणून लिहितो. सहा महिने मी त्या गाठीला माझ्या दुकानातला सुस्त पोऱ्या समजत होतो. ती तसली कोणी नाही. तिला माझी काही ओळख नाही.

चिरंजीवांनी विचारलं, ते ठरावीक माप किती. बाईंनी अंगठ्याच्या नखाएवढं दाखवलं. मी म्हटलं, तिथपर्यंत बघायचं. तिथे पोचली की किरणं, कां-कूं करणार नाही. त्या म्हणाल्या, आता ही वाट बघणं झालं, आधी नुसतंच बसणं होतं. मला हे वाक्य आवडलं नाही, पण खोडता आलं नाही.

बाहेर जिन्यात आम्ही भांडलो. तू आधी मला सांगायला हवं होतंस, मी म्हटलं. त्यानं विचारलं, तुम्ही ऐकलं असतंत? मी म्हटलं, नसतं ऐकलं, तरी सांगायचं. एक तारखेला दोन दिवस होते. राहा, असं म्हणायला माझी जीभ वळेना. पोस्टमास्तरांसारखा ओला आवाज निघेल अशी भीती. शेवटी म्हटलं, “उघडलेली मोटार टाकून कारागीर जात नसतो.” तो म्हणाला, बघतो. आणि बसमध्ये चढला.

आज एक तारीख, सकाळी तो दुकानात आला नाही. नव्या माणसाला मी दोनदा विनाकारण झापलं. लाँड्रीवाल्या बाई आल्या, दुसऱ्या मशीनची मोटार घेऊन, आणि गॅरंटीचा विषय चाचरत काढला. मी म्हटलं, बाई, ऐका. दोन वर्षांची माझ्यानं देववत नाही. सहा महिन्यांची देतो. जानेवारीत माझी तपासणी आहे, ती ठीक निघाली तर आणखी सहा महिने. बाई विचारात पडल्या. मला वाटलं आता अरेरे येणार. तर त्यांनी विचारलं, म्हणजे दर सहा महिन्यांनी मोटार आणायची आणि तुम्ही ती फुकट तपासून देणार? मी हो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की मग घरच्या पंपाचीही अशीच करून द्या. ताई, इतका निर्मळ स्वार्थ मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. बरगडी दुखेपर्यंत हसलो.

जेवणाच्या सुट्टीनंतर चिरंजीव उगवले. अंगात इस्त्रीचा शर्ट. कारखान्यात गेला होता. हजेरीच्या आधी यानं तिथल्या साहेबांना काय सांगावं? वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, हळू वाढणारा. तपासण्यांना सुट्टी लागेल, आणि वाढला तर किती लागेल ते सांगता येत नाही. साहेबांनी विचारपूस केली, हळहळले, नोकरीचं राहू द्या म्हणाले आणि त्याला घरी पाठवलं. असा गाढवपणा मी माझ्या हातानं शिकवला आहे, याची मला मनापासून लाज वाटते आहे, आणि तू हे वाचताना हसते आहेस हे मला इथे ऐकू येतंय.

किल्ल्या टेबलावरच होत्या. त्या त्यानं उचलल्या नाहीत, मीही सरकवल्या नाहीत. बाह्या वर करून त्यानं लाँड्रीची मोटार स्वतः खाली उतरवली. मग मी सकाळपासून गुंडाळत होतो ती कॉइल हातात घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाला, सैल आहे, चालायची नाही.

सैल होती. सोडवून पुन्हा गुंडाळतो आहे, म्हणून पत्र आवरतो. लोभ आहे तेवढाच ठेव; वाढणाऱ्या गोष्टी मला सध्या नकोत.

तुझा,
धाकटा